पहिली नेमणूक : डॉक्टरने काय पाहावे, गावाने काय द्यावे

(प्राथमिक आरोग्य सेवेत दाखल होऊ इच्छिणारे तरुण डॉक्टर, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



साडेचार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून तरुण डॉक्टर बाहेर पडतो, तेव्हा शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत पुष्कळ विषयांची परीक्षा त्याने दिलेली असते. परंतु एका विषयाचा पाठ त्याला कोणीच दिलेला नसतो. हातात पहिल्या नोकरीचे पत्र आले म्हणजे ते कसे वाचावे, त्यातील कोणती अट मान्य करावी, कशाविषयी विचारणा करावी आणि ती कोणत्या शब्दांत करावी, हे त्याला ठाऊक नसते. परिणामी कोणी केवळ मानधनाचा आकडा पाहून सही करतो, तर कोणी संकोचाने काहीच न विचारता रुजू होतो. पुढे चार-सहा महिन्यांत अडचणी ध्यानात येतात आणि तो निघून जातो. डॉक्टरचे यात एक वर्ष वाया जाते. गावाचे नुकसान त्याहून मोठे असते, कारण आरोग्य केंद्रातील खुर्ची पुन्हा रिकामी होते. म्हणून हा विषय एकट्या डॉक्टरचा नाही. तो पंचायतीचा आहे, शाळेचा आहे आणि शासकीय अधिकाऱ्यांचाही आहे.

पार्श्वभूमी

भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना देशापुढे मांडली. १९५२ मध्ये सुरू झालेल्या समूह विकास कार्यक्रमाबरोबर ही कल्पना प्रत्यक्षात येऊ लागली. महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमानुसार १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या कारभाराचा भाग बनली. सपाटीच्या प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५,००० व ३,००० असे आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातून कंत्राटी पदे आली, आशा स्वयंसेविका आल्या, रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू होऊन तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. २०२३ मध्ये या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले.

इमारती उभ्या राहिल्या आणि पदे मंजूर झाली, तरी माणूस टिकणे ही निराळी गोष्ट आहे. ज्या दिवशी डॉक्टर पहिले पत्र वाचतो, त्या दिवसापासूनच त्याचे टिकणे किंवा न टिकणे ठरू लागते.

तीन प्रकारची पत्रे

आज तरुण डॉक्टरपुढे साधारणपणे तीन प्रकारची पत्रे येतात. पहिले, शासनाच्या नियमित सेवेतील वैद्यकीय अधिकारी पदाचे. दुसरे, राष्ट्रीय आरोग्य अभियान किंवा नागरी दवाखान्यांतील कंत्राटी पदाचे. तिसरे, तालुक्याच्या गावातील खासगी रुग्णालयाचे अथवा एखाद्या विश्वस्त संस्थेच्या दवाखान्याचे. याशिवाय शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांना बंधपत्रानुसार एक वर्षाची सेवा द्यावी लागते. तिच्यात निवडीला वाव मर्यादित असला, तरी रिक्त जागांच्या यादीतून ठिकाण निवडताना पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तेथेही उपयोगी पडतात.

नियमित सेवेत गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० ते १,७७,५०० रुपये अशी निश्चित झाली. तिच्याशिवाय महागाई भत्ता आणि नियमानुसार मिळणारे इतर भत्ते असतात. येथे वेतनाची घासाघीस करता येत नाही आणि करण्याचे कारणही नाही. कंत्राटी पदात मानधन ठोक असते आणि करार बहुधा वर्षाच्या आत संपणारा असतो. नूतनीकरण कामाच्या मूल्यमापनावर व निधीच्या मंजुरीवर अवलंबून राहते. खासगी पत्रात आकडा मोठा दिसतो, परंतु त्यामागच्या अटी मुलाखतीत तोंडी सांगितल्या जातात, कागदावर येत नाहीत.

आकड्याचा हिशेब

समजा, खासगी रुग्णालय महिन्याला ७५,००० रुपये देऊ करते. कामाची वेळ सकाळी ९ ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री १०, महिन्याचे दिवस २६. याखेरीज महिन्यातून ८ रात्री, रात्री १० ते सकाळी ८ पर्यंत रुग्णालयात थांबावयाचे. दिवसाचे तास २३४ झाले, रात्रीचे ८०, एकूण ३१४. तासाला सुमारे २३९ रुपये पडले. दुसरीकडे कंत्राटी दवाखान्यात ६०,००० रुपये मानधन आहे, दिवसाला ८ तास आणि महिन्याला २५ दिवस काम आहे, असे धरू. तास २०० झाले आणि दर तासाला ३०० रुपये पडले. वरवर पाहता १५,००० रुपयांनी कमी असणारे पत्र प्रत्यक्षात अधिक मोबदला देते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. मात्र असा हिशेब प्रत्येकाने आपल्या पत्रापुरता कागदावर मांडून पाहावा.

त्यापुढेही काही प्रश्न उरतात. पगारी रजा किती? आजारपणात काय होणार? भविष्य निर्वाह निधी आहे काय? डॉक्टर हा नोकर म्हणून नेमला जात आहे की सल्लागार म्हणून? सल्लागार म्हणून करार झाला, तर हाती येते ते वेतन नसून व्यावसायिक शुल्क असते आणि रजा, निधी इत्यादी लाभ बहुधा त्यात बसत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे केली. महिला डॉक्टरने हा उल्लेख पत्रात आहे की नाही, हे रुजू होण्यापूर्वीच पाहावे. उपचारातील हलगर्जीपणाचा दावा झाला, तर बचावाचा खर्च कोण करणार, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. म्हणून व्यावसायिक दायित्वाचा विमा रुग्णालय उतरवणार की डॉक्टरने स्वतः उतरवावयाचा, हे लेखी ठरलेले बरे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाबतीत मात्र तासांचा हिशेब पुरा पडत नाही. सकाळचा बाह्यरुग्ण विभाग संपला म्हणजे काम संपले, असे तेथे होत नाही. रात्री अडलेली बाळंतीण येते, पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण येतो, काही केंद्रांवर शवविच्छेदनाचेही काम असते आणि पुढे त्याच प्रकरणी न्यायालयात साक्ष द्यावी लागते. लसीकरणाची सत्रे, आश्रमशाळांची तपासणी, यात्रेतील पथके, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल हे सारे त्यात येते. या कामाची किंमत आकड्यात मोजणाऱ्याला ही नेमणूक तोट्याची वाटेल. पण तिच्यातून काय मिळू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केले. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत होती. त्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी केलेल्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या शहरातील रुग्णालयात सापडले नव्हते, ते कोकणातील खाटेजवळ सापडले. पहिली नेमणूक पारखताना तेथे काय शिकावयास मिळेल, हाही हिशेबाचा एक रकाना असला पाहिजे.

सही करण्यापूर्वी गाव पाहावे

पत्र आले म्हणजे एक दिवस काढून ते ठिकाण पाहून यावे. शक्य तर दोन वेळा पाहावे, एकदा सकाळी बाह्यरुग्ण विभाग चालू असताना आणि एकदा दिवे लागल्यानंतर. औषधनिर्माता, आरोग्य सेविका, रुग्णवाहिकेचा चालक आणि गावातील आशा यांच्याशी शांतपणे बोलावे. केंद्राचे खरे स्वरूप त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पूर्वीचे डॉक्टर किती दिवस राहिले आणि कोणत्या कारणाने गेले, हा प्रश्न अवश्य विचारावा. शक्य असल्यास त्यांनाच विचारावा.

पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत. रोज किती रुग्ण येतात? महिन्याला किती बाळंतपणे होतात? प्रसूतिगृहात पाणी येते काय? वीज गेली तर काय व्यवस्था आहे? लसींचा शीतकप्पा चालू आहे काय? सर्पदंशावरील लस किती कुप्या शिल्लक आहे? प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद भरलेले आहे काय? दुसरा वैद्यकीय अधिकारी आहे, की रात्रंदिवस एकट्यालाच राहावे लागणार? गंभीर रुग्ण पुढे पाठवावयाचा झाल्यास ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचावयास किती वेळ लागतो? निवासस्थान राहण्याजोगे आहे काय? त्याच्या दाराला आतून कडी आहे काय?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकाता येथे कर्तव्यावर असलेल्या तरुण महिला डॉक्टरवर झालेला अत्याचार व तिची हत्या यांनी सारा देश हादरला. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी २०१० पासून स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार असा हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून, ३ वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि कायदा हल्ल्यानंतर धावून येतो. रस्त्यावरचा दिवा, आवाराची भिंत आणि रात्रीचा पहारेकरी हे हल्ल्यापूर्वी उपयोगी पडतात.

मागणे कसे मांडावे

विचारणा करणे म्हणजे उर्मटपणा नव्हे, हे आधी डॉक्टरने आणि नंतर अधिकाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. बोलणी करण्याची योग्य वेळ पत्र मिळाल्यापासून सही होईपर्यंतची असते. त्यानंतर ती तक्रार ठरते. आपल्या मागण्यांचे दोन भाग करावेत. ज्यावाचून काम करता येणार नाही अशा दोन-तीन गोष्टी पहिल्या भागात घालाव्यात आणि मिळाल्यास बरे, अशा बाकीच्या दुसऱ्या भागात. दहा मागण्यांची यादी धाडली तर समोरच्याचे लक्ष दहाव्या मागणीवर जाते आणि पहिली राहून जाते.

शासकीय सेवेत वेतनावर बोलणी होत नाहीत. परंतु निवासस्थानाची दुरुस्ती, रुजू होण्यासाठी मुदतवाढ, पती-पत्नी दोघेही सेवेत असल्यास जवळच्या ठिकाणी नेमणूक, प्रसूती व नवजात अर्भकाच्या काळजीचे प्रशिक्षण या गोष्टींविषयी नियमांच्या चौकटीत विनंती करता येते. दुर्गम भागातील सेवेचा पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी काय लाभ मिळेल, हे त्या त्या वर्षीच्या प्रवेश नियमांत पाहून घ्यावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. कंत्राटी पदात मानधन कोणत्या तारखेस जमा होते, नूतनीकरण कोण करते आणि कामावर आधारित मोबदला असेल तर तो कोणत्या निकषांवर मिळतो, हे विचारावे.

पत्राची भाषा साधी व आदराची असावी. ‘नेमणुकीबद्दल आभारी आहे. या केंद्रात काम करण्याची इच्छा आहे. रुजू होण्यापूर्वी पुढील तीन बाबींचा लेखी खुलासा झाल्यास उपकृत होईन,’ एवढी प्रस्तावना पुरे. त्याखाली तीन क्रमांक घालावेत. उत्तर तोंडी मिळाले, तर ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे’ असे लिहून तेच पुन्हा पत्राने कळवावे. लेखी आदेश हाती येईपर्यंत दुसऱ्या ठिकाणचा होकार मोडू नये.

खासगी करारात दोन अटी विशेष लक्ष देऊन वाचाव्यात. एक, मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे ठेवण्याची. पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवाव्यात, साक्षांकित प्रती द्याव्यात, परंतु मूळ प्रती ठेवून येऊ नये. दुसरी, नोकरी सोडल्यावर त्याच तालुक्यात दवाखाना न घालण्याची. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. नोकरी चालू असतानाची किमान मुदतीची अट मात्र वेगळी असते. ती न्यायालयात टिकू शकते. म्हणून दोन किंवा तीन वर्षे राहण्याची आणि मध्येच सोडल्यास रक्कम भरण्याची अट असेल, तर रकमेचा आकडा, ती वर्षागणिक कमी होते काय आणि सूचनेची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे काय, हे पाहून मगच सही करावी. शंका असल्यास वकिलाला दाखवावे. तासाभराचा सल्ला तीन वर्षांच्या मनस्तापाहून स्वस्त पडतो.

गावाचीही एक बाजू आहे

करार हा दोघांचा असतो. डॉक्टर गावाला पारखतो, तसे गावानेही स्वतःला पारखले पाहिजे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे, त्या वेळच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांचा सहभाग असल्याशिवाय आरोग्याचे काम उभे राहत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून गावकऱ्यांशी आधी बोलणी करून त्यांनी ठिकाण ठरवले. पुढे गावोगावच्या स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बोलणी पैशाची नव्हती, जबाबदारीच्या वाटणीची होती. आजच्या पंचायतींना यातून घेण्यासारखे बरेच आहे.

नवा डॉक्टर येणार असे कळताच ग्रामपंचायतीने तीन कामे हाती घ्यावीत. निवासस्थानाला नळजोड व रस्त्याला दिवा द्यावा. इमारतीच्या दुरुस्तीचे काम जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतील असेल, तर ठराव करून त्याचा पाठपुरावा करावा. रुग्ण कल्याण समितीची बैठक डॉक्टर रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात घ्यावी. त्याचबरोबर काही गोष्टी टाळाव्यात. खोट्या आजारपणाच्या दाखल्यासाठी दबाव आणू नये. मारामारीच्या प्रकरणात जखमेचे वर्णन बदलून मागू नये. रात्री दोन वाजता किरकोळ सर्दीसाठी दार ठोठावू नये. या तिन्ही गोष्टींनी डॉक्टर जितक्या लवकर गाव सोडतो, तितक्या लवकर कमी पगारानेही सोडत नाही.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. डॉक्टरचे कुटुंब गावात राहील की नाही, हे पुष्कळदा मुलांच्या शाळेवर ठरते. शाळा चांगली चालत असेल, तर डॉक्टर मुख्यालयी राहतो. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या वेळी शिक्षकाने नव्या डॉक्टरची पालकांशी ओळख करून दिली, तर परका माणूस महिनाभरात गावचा होतो.

अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावयाची बाब एवढीच की, नेमणुकीचे पत्र स्पष्ट असावे. पद, ठिकाण, मुदत, मानधन, रजा, वरिष्ठ कोण आणि तक्रार कोणाकडे करावी, या गोष्टी एका पानात बसतात. उमेदवाराच्या प्रश्नाला आठवड्याच्या आत लेखी उत्तर जावे. कंत्राटी मानधन ठरलेल्या तारखेस द्यावे. ज्याला दोन महिने मानधन मिळाले नाही, त्याच्याकडून तिसऱ्या महिन्यात सेवाभावाची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

सेवा आणि अटी यांत विरोध नाही

अटींची चर्चा करणारा डॉक्टर सेवाभावी नसतो, असा एक समज समाजात आहे. तो सोडून दिला पाहिजे. जो आधी विचारतो, तो विचार करून येतो आणि विचार करून आलेला माणूस राहतो. जो काहीच न विचारता येतो, त्याचे जाणेही तसेच न सांगता होते. बाळंतपणाच्या कळा घेऊन रात्री केंद्राच्या दारात येणाऱ्या स्त्रीला कराराच्या कलमांशी कर्तव्य नसते. दार उघडणारे कोणी आत आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे यावे, यासाठीच पहिली नेमणूक डॉक्टरने डोळसपणे स्वीकारली पाहिजे, प्रशासनाने स्पष्टपणे दिली पाहिजे आणि गावाने जबाबदारीने निभावली पाहिजे.